महसुली नोंदींतील आडवी रेघ आणि संगणकीय गणन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेले दख्खनचे दंगे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातही पसरले. त्यांच्या कारणमीमांसेत सावकारी कर्जाबरोबरच सरकारी साऱ्याचे ओझे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधताना अभ्यासक आता जुन्या नोंदी एक्सेलच्या तक्त्यात उतरवून घेतात. तेथे नोंदींतील आडव्या रेघेचा अर्थ लावणे आवश्यक होते.

रेघेचे अर्थ :
'३-१२' म्हणजे ३ एकर १२ गुंठे; '३-८-६' म्हणजे ३ रुपये ८ आणे ६ पै; '१८७१-७२' हे महसुली वर्ष; तर भावापुढील '२०-२४ शेर' ही किमान व कमाल मर्यादा. संगणकास हा भेद कळत नाही. '३-१२' ही नोंद तो तारीख समजतो. रेघेच्या जागी दशांश चिन्ह दिल्यास ३.२७ व २.३० यांची बेरीज ५.५७ येते, प्रत्यक्षात ती ६ एकर १७ गुंठे आहे. सुमारे ३४ गुंठे जमीन हिशेबातून नाहीशी होते.

गणनपद्धती :
रकाना प्रथम मजकूर-स्वरूपात ठेवावा. 'फाइंड' सूत्राने रेघेचे स्थान शोधून 'लेफ्ट' व 'मिड' यांनी दोन्ही भाग वेगळे करावेत आणि 'व्हॅल्यू'ने त्यांचे संख्येत रूपांतर करावे. गुंठ्यांस ४० ने, आण्यांस १६ ने व पैंस १९२ ने भागावे. मर्यादादर्शक नोंदींसाठी मात्र किमान व कमाल असे दोन रकाने राखावेत.

उदाहरणादाखल, सारा १२ रुपये आणि भाव रुपयास २०-२४ शेर असल्यास शेतकऱ्यास २४० ते २८८ शेर धान्य विकावे लागेल. पीक १००० ते १२०० शेर धरल्यास किमान शिल्लक ७१२ व कमाल ९६० शेर येते. परंतु भरपूर पिकाच्या वर्षी धान्य स्वस्त होते, असे मानल्यास हीच शिल्लक ७६० ते ९१२ शेर ठरते. कोणते गृहीतक योग्य, हे सूत्र सांगत नाही. ते त्या वर्षाच्या परिस्थितीवरून ठरवावे लागते.

निष्कर्ष :
सारा रोखीत ठरलेला असल्याने भाव उतरताच तोच सारा अधिक धान्य मागत असे. केवळ सरासरी घेतल्यास हा चढउतार झाकला जातो. म्हणून मूळ नोंद जशीच्या तशी जपून, तिच्या दोन्ही मर्यादांसह निष्कर्ष मांडणे हेच इतिहासलेखनाच्या शिस्तीस धरून होईल.