अजगराचें बिऱ्हाड

मराठी घरांत अजगराची पहिली ओळख होते ती रानांत नव्हे, पोथींत. महाभारतांत शापभ्रष्ट नहुष अजगर होऊन भीमासारख्या वीरास विळख्यांत धरतो. एकनाथांनीं 1573 सालीं काशींत पुरें केलेल्या भागवतांत अवधूत आपल्या चोवीस गुरूंमध्यें अजगरासही बसवतो, कारण तो मिळेल तेवढ्यावर समाधान मानून स्वस्थ पडून राहतो. एका कथेंत भय आहे, दुसरींत आदर आहे. परंतु दोन्हीं ठिकाणीं अजगर घराबाहेरचाच. गारुड्याच्या टोपलींतून तो दारापर्यंत येई, पण उंबरठा ओलांडून त्यास बिऱ्हाड द्यावें, असें आमच्या वाडवडिलांच्या मनांत आलें नाहीं.

गोंदियाच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांच्या मनांत मात्र तें आलें आहे. काचेच्या पेटींत हिरवा अजगर पाळावा असा त्यांचा हट्ट असून, वडिलांनीं आमचें मत विचारलें आहे. मत देण्यापूर्वीं अजगर पाळणाऱ्यांनीं आजवर काय केलें व काय मिळविलें, तें पाहणें आम्हांस योग्य वाटलें.

हा इतिहास एका वादापासून सुरू होतो, आणि त्याचें मूळ हिंदुस्थानांतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लामार-पिको नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें येथून परत गेल्यावर पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविलें, कीं अजगराची मादी अंड्यांभोवतीं वेटोळें घालून बसते व त्यांना ऊब देते. सर्प हा थंड रक्ताचा प्राणी. तो ऊब कोठून आणणार? विद्वानांनीं हें म्हणणें संशयास्पद ठरविलें. परंतु 1841 सालीं पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयांत ठेवलेल्या एका मादीनें अंडीं घातलीं आणि ती त्यांवर बसली. व्हालांसिएन या शास्त्रज्ञानें मे व जून हे दोन महिने उष्णतामापक लावून पाहिलें, तों वेटोळ्यांतील उष्णता भोवतालच्या हवेपेक्षां खरोखरच अधिक भरली. प्रवासी खरा ठरला.

ही ऊब येते कोठून, हा प्रश्न मात्र त्यापुढें शंभरांहून अधिक वर्षें रेंगाळला. 1849 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सर्पादि प्राण्यांसाठीं जगांतील पहिलें स्वतंत्र घर उभें राहिलें. तेथेंही अजगर अंड्यांवर बसलेले लोकांनीं पाहिले. शेवटीं न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांत केलेले प्रयोग 1966 सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां उलगडा झाला. हवा गार होऊं लागली कीं मादी आपले स्नायू तालानें आकुंचित करते. थंडींत आपण कुडकुडतों तसाच हा प्रकार. आणि त्यायोगें ती आपलें शरीर हवेपेक्षां जवळजवळ 5 अंश अधिक उष्ण राखूं शकते. या सर्व काळांत ती बहुधा अन्नाला तोंड लावीत नाहीं.

हें ज्ञान पाळलेल्या अजगरापासून मिळालें, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु तें कोणाला मिळालें? ज्यानें महिनोन्‌महिने उष्णतामापक हातीं धरून वाट पाहिली त्याला. अजगर त्याच्या करमणुकीसाठीं नव्हता. तोच अजगराच्या वेळेनुसार वागत होता.

आतां चिरंजीवांच्या हिरव्या अजगराकडे वळूं. याचें घर न्यू गिनी, त्याजवळचीं आरू बेटें आणि ऑस्ट्रेलियाचें उत्तर टोंक. हॉलंडमधील लायडनचे श्लेगेल यांनीं 1872 सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. पिलें हिरवीं नसतात. तीं पिवळीं वा विटकरी असतात. ऑस्ट्रेलियांतील 2007 सालच्या एका अभ्यासांत आढळलें, कीं सुमारें वर्षभरानें, लांबी 55 सेंटिमीटरांच्या आसपास झाल्यावर, पिलाचा रंग पालटतो व तें रानाच्या कडेवरून उंच झाडांवर राहावयास जातें. तेथें आडव्या फांदीवर वेटोळें टाकून तें दिवसभर निश्चल असतें. अंगावर सांचलेले पावसाचे थेंब चाटून तहान भागवितें. ओठांवरील खळग्यांनीं उंदराची ऊब अंधारांतही ओळखतें.

नव्या पालकाची फसगत या निश्चलपणानेंच होते. अवधूतास त्यांत संतोष दिसला, नव्या पालकास त्यांत माणसाळलेपणा दिसतो. वस्तुतः हा प्राणी हाताळल्यास त्रासतो, आणि त्याचे पुढचे दांत लांब असतात. त्याच्या रानांत बारा महिने दमट उबारा असतो. गोंदियास मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या घरांत जातो व थंडींत रात्री 10 अंशांखालीं उतरतो. पेटीच्या एका भागांत 30 अंशांच्या आसपास उष्णता, दुसरा भाग किंचित्‌ गार, आणि हवेंत ओलावा, हें सर्व पालकास वर्षभर सांभाळावें लागेल. पौषांतल्या रात्रीं वीज गेली, तर पोटांतील उंदीर पचण्याऐवजीं कुजेल. म्हणजे पालकास जनावराचें नव्हे, एका देशाच्या ऋतुमानाचें ओझें उचलावें लागतें. आणि तेंही कित्येक वर्षें.

कायद्याची बाजूही पाहावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपला भारतीय अजगर पाळणें हा गुन्हा आहे. विदेशी हिरवा अजगर 2022 च्या दुरुस्तीनें त्याच कायद्याच्या कक्षेंत आला, व 2024 च्या नियमांप्रमाणें त्याची नोंदणी सक्तीची झाली. कागद मिळाला म्हणजे पाप फिटलें असें मात्र नाहीं. इंडोनेशियांतील या व्यापाराचा अभ्यास 2011 सालीं प्रसिद्ध झाला. तेथून पिंजऱ्यांत निपजलेले म्हणून पाठविले जाणारे निदान 80 टक्के हिरवे अजगर वास्तविक रानांतून पकडलेले होते, असें त्यांत दिसून आलें. पेटींतला प्राणी कोणत्या फांदीवरून ओढून आणला, हें विकत घेणाऱ्यानें आधीं विचारावें.

आम्हीं स्नेह्यांस उत्तर लिहिलें तें असें. मुलाची जिज्ञासा मोडूं नका. तिला योग्य वाट दाखवा. गोंदिया जिल्ह्यांतच नवेगांव आणि नागझिरा हीं रानें आहेत. अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यांनीं बांधलेल्या नवेगांवच्या तलावाकांठीं वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनीं वर्षें काढलीं. पेटींत कांहीं न कोंडतां, पायीं फिरून व रानांतल्या माणसांस विचारून, त्यांनीं मराठीला केवढें अरण्यज्ञान दिलें! भरतपूरच्या अभयारण्यांत अजगर साळिंदराच्या बिळांत त्याच्याच शेजारीं हिंवाळा काढतात आणि उन्हें वर आलीं कीं बाहेर येऊन पडतात, हेंही असेंच पाहून कळलें. चिरंजीवांनीं प्रथम एक हिंवाळा वहीं व दुर्बीण घेऊन, वनरक्षकाच्या सोबतीनें, रानांत घालवावा. त्यानंतरही पेटीचा आग्रह राहिला, तर एक वर्ष रिकाम्या पेटींतला उष्णमान व ओलावा रोज लिहून ठेवावा. वर्षभरांत एकही दिवस चुकला नाहीं, तर आम्हांस पुन्हां विचारावें.