भिवंडीच्या मोहल्ला समित्या : एका विश्वासाचा इतिहास

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, तेव्हा अनेकांना धास्ती होती ती भिवंडीची. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ साली दोन मोठ्या दंगली भोगल्या होत्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडीत मात्र दंगल झाली नाही. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी वीस-बावीस वर्षे मागे जावे लागते.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने दंगलीच्या कारणांइतकेच दंगलीनंतरच्या तपासाकडेही बारकाईने पाहिले. तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने निरपराध मुसलमानांना गोवले आणि हिंदू आरोपींना पाठीशी घातले, असा ठपका आयोगाने ठेवला. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दंगल काही दिवसांत शमते. पक्षपाती तपास मात्र वर्षानुवर्षे माणसांच्या लक्षात राहतो. ज्याचा पोलिसांवर भरवसा नाही, तो चौकीची पायरी चढत नाही. मोहल्ल्यात काय शिजते आहे, हे तो सांगायला जात नाही. मग पोलिसांना बातमी मिळत नाही आणि लोकांना खरे-खोटे करण्याची जागा उरत नाही. अफवा वाढते ती याच पोकळीत. मे १९८४मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ठाणे-मुंबई धरून त्या वेळी दोनशेहून अधिक माणसे मेली.

शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यांत बसत ती प्रतिष्ठित मंडळी : पुढारी, व्यापारी, धर्मगुरू. तणाव निर्माण झाला की बैठक भरायची, एक निवेदन निघायचे आणि चहा होऊन सारे पांगायचे. ज्या गल्लीत दगड पडणार, त्या गल्लीतला माणूस तिथे क्वचितच असे.

१९८८च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेल्या सुरेश खोपडे यांनी ही रचनाच उलटी केली. त्यांनी वस्तीवस्तीत मिळून सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही समाजांचे साधे रहिवासी घेतले आणि त्या भागाच्या पोलिसांना त्यांच्यासोबत बसवले. बैठका तणाव नसतानाही होत राहिल्या. विषय असत मोहल्ल्यातल्या रोजच्या कटकटींचे आणि किरकोळ तंट्यांचे. वरवर पाहता याचा दंगलीशी काय संबंध, असे वाटेल. पण आपला तंटा पोलिसाने धर्म न विचारता ऐकून घेतला, हा अनुभव ज्याला चार वेळा आला, तो पाचव्या वेळी एखादी भलती बातमी कानावर येताच आधी त्याच पोलिसाला विचारतो. शिपायालाही गल्लीतली माणसे चेहऱ्याने, नावाने कळू लागतात. जमाव म्हणजे त्याच्यासाठी निनावी गर्दी राहत नाही.

भिवंडीच्या शांततेचे सारे श्रेय या समित्यांना द्यावे का? यंत्रमागाच्या धंद्यात सूत विकणारा, माग चालवणारा आणि कापड उचलणारा एकमेकांवर अवलंबून असतात. १९८४च्या नुकसानीची आठवणही ताजी होती. पण हे परस्परावलंबन १९७० आणि १९८४ सालीही होतेच, तरी दंगली झाल्या. नवी होती ती समित्यांची रोजची ये-जा. हिंदू-मुस्लिम संघर्षाचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही आपल्या २००२च्या ग्रंथात भिवंडीच्या या उदाहरणाची दखल घेतली आहे.

मुंबईने हा धडा होरपळल्यानंतर गिरवला. १९९४मध्ये ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. वस्त्यांतली मुले आणि पोलीस क्रिकेटच्या मैदानावर एकत्र आले.

ही कहाणी इथेच संपवली तर ती अर्धी राहील. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीतच, कोटरगेट भागात, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे ठार झाले. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. या वेळी हिंदू आणि मुसलमान आमनेसामने नव्हते. एका बाजूला लोक होते आणि दुसऱ्या बाजूला पोलीस. वादाचा विषयही पोलीस ठाण्याचीच इमारत हा होता. १९९२ साली ज्या नात्याने शहर वाचवले, तेच नाते चौदा वर्षांत इतके विरले होते.

अधिकारी बदलतात. त्यांच्याबरोबर नवी प्राधान्ये येतात, बैठका लांबतात, पुढे केवळ सणासुदीपुरत्या उरतात. मोहल्ला समिती पुन्हा शांतता समिती होऊन बसते. भिवंडीच्या छत्तीस वर्षांच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे : पोलिसांवरचा विश्वास ही एका चांगल्या अधिकाऱ्याने मागे ठेवून जायची ठेव नाही. बीटवरचा शिपाई आणि गल्लीतला रहिवासी यांनी काहीही घडलेले नसताना पुन्हा पुन्हा भेटत राहणे, एवढाच त्याचा आधार आहे. आज आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना बीटवरच्या शिपायाचे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ भिवंडीपुरता नाही.