श्वान तिथेच घुटमळलं

‘श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचलंय की कुत्र्याला काही सापडलं नाही, असाच त्याचा अर्थ आपण घेतो.

माझ्या लहानपणी पंचवटीत आमच्या वाड्यातले एक आजोबा पहाटे घरातून निघून गेले. विसरभोळेपणा वाढला होता. पुरुषमंडळी गोदावरीचे घाट धुंडाळत होती. मनात काय होतं, ते कोणी बोलत नव्हतं. पोलिसांचा कुत्रा आला. आजोबांचं धोतर धुऊन वाळतही पडलं होतं, उशीचा अभ्रा मात्र तसाच होता. तो हुंगून कुत्रा निघाला, पण नदीकडे वळलाच नाही. बसथांब्यापाशी जाऊन नुसता गोल फिरत राहिला. आम्ही पोरं हसलो. हवालदार म्हणाला, “इथून गाडीत बसलेत.” दुसऱ्या दिवशी आजोबा त्र्यंबकेश्वरात एका ओट्यावर बसलेले सापडले.

माग काढणं आपल्याकडे जुनंच. पूर्वी गावचे रामोशी, जागले चोराची पावलं ओळखत शिवेपर्यंत जात. माग शेजारच्या शिवेत शिरला, की पुढची जबाबदारी त्या गावाची! कुत्र्याला पावलं दिसायचीही गरज नसते. आपल्या त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात, त्यांचा वास वाटेवर रेंगाळतो. ऊन, रहदारी आणि बघ्यांची गर्दी यांनी तो पुसट होतो. माणूस वाहनात बसला, की बहुधा तुटतोच.

मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ साली तीन डॉबरमन कुत्र्यांवर सुरू झालं, ते मुख्यतः गुन्हेगारांसाठी. पण दहाच वर्षांत सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलाच एक खटला आला. रेल्वेरुळाच्या फिशप्लेट काढल्याचा आरोप होता आणि कुत्र्याने आरोपीला हुंगून ओळखलं होतं. न्यायालयाने १९६९मध्ये त्या ओळखीला फारसं वजन दिलं नाही. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. मला हे रास्तच वाटतं. माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगता येत नाही.

हरवलेल्या माणसाच्या शोधात मात्र ही अडचणच उरत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये मुंबईत पवई पोलिसांच्या हद्दीतून सहा वर्षांचा मुलगा नाहीसा झाला, तेव्हा लिओ नावाच्या डॉबरमनने त्याच्या टी-शर्टच्या वासावरून पोलिसांना त्याच्यापर्यंत नेलं. मूल समोर उभं असताना कुत्र्याची साक्ष कोण मागणार?

तेव्हा घरातलं कोणी हरवलं, तर आधी पोलिसांना कळवा आणि त्याचं अंथरूण, कपडे आवरू नका. इतरांचे हात लागू देऊ नका. आमच्या वाड्यातला तो अभ्रा वाचला, तो केवळ त्या दिवशी आजींचं धुणं उरकलं नव्हतं म्हणून.