शब्दवेध : नायलॉन

न्यूयॉर्क आणि लंडन जोडून ‘नायलॉन’ झाला, ही गोष्ट आपल्याकडे अजून चवीने सांगतात. निव्वळ दंतकथा! अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या चमूने १९३५मध्ये हा धागा बनवला. बारशाआधीच, १९३७मध्ये, कॅरोदर्स गेला. या धाग्याचे पायमोजे उसवणार नाहीत म्हणून आधी नाव सुचलं ‘नो-रन’. पण मोजे उसवायचेच! मग अक्षरं उलटीपालटी करून ‘न्यूरॉन’. ते एखाद्या टॉनिकसारखं वाटलं, म्हणून ‘निलॉन’ आणि अखेर ‘नायलॉन’. कंपनीने नावाचा ट्रेडमार्क घेतलाच नाही, ते सगळ्यांचं झालं.

टायर, मासेमारीची जाळी, यंत्रांची दातेरी चाकं असा त्याचा पसारा. खरी करामत शस्त्रक्रियेच्या टाक्यांत. दोरा एकसंध, गुळगुळीत, अंगात सहजी न विरघळणारा; त्वचेवरचे टाके म्हणून तर काढावे लागतात. डोळ्याच्या शस्त्रक्रियेतला १०-० नंबरचा दोरा केसाहूनही बारीक.

आपल्या वाण्याकडे मात्र ‘नायलॉन साबुदाणा’ मिळतो, चिवड्याचा. त्यात नायलॉनचा धागासुद्धा नाही. अर्थात साबुदाण्यातला स्टार्चही नायलॉनसारखा पॉलिमरच, म्हणजे लांबलचक साखळी-रेणू, फक्त कारखान्याआधीचा.