परतीच्या वाटेवरचा बिछाना

मध्यंतरी भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला. "मामू, बाळंतपणाला अम्मीला बोलावतेय. लंडनपर्यंतचं तिकीट विकत घेईन. पुढचा अटलांटिकचा टप्पा साठवलेल्या पॉइंटांवर करायचा आहे. पण बिझनेस क्लास एकाच बाजूचा निघतोय. इकडे येताना घेऊ की परत जाताना?"

तिची अम्मी म्हणजे माझी आपा. कल्याणला दूधनाक्यावर राहते. दोन्ही गुडघे धरलेले. मी ठाण्याचा, लोकलच्या सेकंड क्लासात उभ्याने आयुष्य काढलेला माणूस. मला काय विचारतेस, असं म्हणणार होतो. मग वाटलं, डब्यांच्या वर्गांचा इतिहास तर आमच्याच दारातून गेला आहे!

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. 14 डबे, सुमारे 400 निमंत्रित पाहुणे. 1 मे 1854 रोजी रूळ कल्याणला पोचले. एकाच गाडीत साहेबाचा डबा वेगळा आणि रयतेचा वेगळा. थर्ड क्लासातले हाल गांधीजींनी 1917 साली लिहून काढले. थर्ड क्लास हे नाव जायला मात्र 1974 साल उजाडलं.

बोटींवरही हाच प्रकार होता. वर फर्स्ट क्लास, तळाशी गरीब स्थलांतरितांची दाटी. विमानांत बराच काळ फर्स्ट आणि इकॉनॉमी असे दोनच मुख्य वर्ग होते. मधला वर्ग जन्माला आला तो भाड्याच्या चढाओढीतून, आणि त्या चढाओढीचं एक मोठं मैदान होतं अटलांटिक. 1977 साली फ्रेडी लेकर यांनी लंडन-न्यूयॉर्क स्वस्त 'स्कायट्रेन' सुरू केली. मग इतर कंपन्यांनीही भाडी उतरवली. कचेरीच्या पैशाने पूर्ण भाडं भरणारा माणूस आणि स्वस्त तिकीटवाला शेजारी-शेजारी बसू लागले. पूर्ण भाडेवाला कुरकुरणारच! त्याला राखण्यासाठी 1978-79 च्या सुमारास पॅन ॲम, क्वांटास वगैरे कंपन्यांनी वेगळा वर्ग काढला. तोच बिझनेस क्लास.

गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली. त्याच महिन्यात युनायटेडही मागोमाग आली. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासात पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली. खुर्चीचा बिछाना झाला.

या बक्षिसाला आपण फुकट म्हणतो, पण फुकट काहीच नसतं. जागा मोजक्या, त्याही बहुधा विकल्या जाणार नाहीत असा कंपनीचा हिशेब असतो तेव्हाच खुल्या होतात. कित्येक कंपन्यांचं आरक्षण अकरा-बारा महिने आधी उघडतं, तेव्हापासून डोळा ठेवावा लागतो. शिवाय कर आणि अधिभार रोखीने भरायचे ते वेगळेच. ब्रिटनमध्ये 1994 पासून विमानप्रवासी कर आहे. वेगळं तिकीट काढून लंडनहून निघालात, तर वरच्या वर्गाला तो जास्त पडतो. अमेरिकेहून लंडनला येताना तो लागत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. लंडनहून पश्चिमेला जाणारी विमानं बहुतेक दिवसा उडतात. सूर्य बरोबर चालतो, झोप कुणाला येणार? पण न्यूयॉर्क-न्यूअर्कहून पूर्वेला येणारी बरीचशी विमानं संध्याकाळनंतर निघतात आणि सहा-सात तासांत लंडनला सकाळ दाखवतात. रात्रच अर्धी कापली जाते. बिछाना लागतो तो तेव्हा.

हा हिशेब मांडताना मला कल्याणचीच एक मुलगी आठवली. आनंदीबाई जोशी. जन्म 31 मार्च 1865 चा. वयाच्या अठराव्या वर्षी, नवरा बरोबर नसताना, 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. इंग्लंडला बोट बदलून, अटलांटिक ओलांडून 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात घेतलं. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या.

आपण त्यांच्या जाण्याचं कौतुक करतो. जाताना अंगात उमेद होती. येतानाचा प्रवास आपल्या फारसा लक्षात नसतो. 1886 च्या अखेरीस पती गोपाळरावांसह त्या परत आल्या, तेव्हा क्षयाने शरीर पोखरलं होतं. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक वाट पाहत होती. ती त्यांच्या हातून झालीच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. त्यांची रक्षा मात्र पुन्हा अटलांटिकपार गेली. कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे.

मी भाचीला म्हटलं, "येताना तुझी अम्मी नातवंडाच्या ओढीने येईल, खुर्चीतही बसेल. परतताना ते मूल मागे ठेवून निघायचं आहे. बिछाना तेव्हा दे."

आपाला सांगितलं तर म्हणाली, "माझं मेलीचं काय, कशीही येईन. त्या पैशांत पोरीला काही घे." तिला समजावलं, की हे पैसे नव्हेत, पॉइंट आहेत. ते सोनाराकडे चालत नाहीत. जरा वेळ गप्प राहिली. मग हळूच विचारलं, "म्हणजे खरंच पाय लांब करता येतात?"