कपाशीचं रान आणि न लिहिलेलं गाणं

मंडळी, खानदेशात बसून आम्ही अमेरिकेतल्या एका गिटारवादकाबद्दल बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. पण दोन्हीकडचा धागा कापसाचाच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कापसाला भाव चढला. तिथली गुलामी युद्धानंतर कायद्यानं संपली. कापूस वेचणारे हात मात्र बहुतेक तेच राहिले. त्याच रानातून पुढे ब्लूज हा गाण्याचा प्रकार आला.

मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन गावचे जॉन हर्ट असेच शेतात राबणारे. गिटार ते आपले आपणच शिकले. त्यांचा अंगठा जाड तारांवर ठेका धरून असतो आणि बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. ऐकताना आम्हाला जातं आठवतं. जात्याची घरघर ठेका धरते, ओवी तिच्यावर चालते.

१९२८ साली ओके कंपनीनं हर्ट यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. मग जागतिक मंदी आली आणि हर्ट परत शेतावर. पस्तीस वर्षं गेली. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या संग्राहकानं त्यांच्या एका जुन्या गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून त्यांना शोधून काढलं. पुढे तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, ते गेले.

आता आपल्या बहिणाबाई बघा. जन्म १८८० चा, आसोद्याचा. अक्षरओळख नाही, तिशीत वैधव्य. गाणं सुचायचं ते शेतात, जात्यावर, घरच्या बोलीत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ते टिपून घेत, म्हणून आज ते आपल्यापाशी आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं १९५२ मध्ये. हर्ट यांना निदान टाळ्या तरी ऐकायला मिळाल्या.

प्रतिभा कुठून येते, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिलंय. आम्हाला वाटतं, ती टिकते कशी हा प्रश्न जास्त निकडीचा आहे. दोघांचे गुरू म्हणजे कष्ट आणि आजूबाजूची माणसं. पण एका गाण्यात गावाचं नाव नसतं, एका घरात लिहिणारा मुलगा नसता, तर आज आपण कुणाबद्दल बोललो असतो? तेव्हा ज्यांच्या घरी ओव्या येणारी आजी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर वही काढावी, नाहीतर मोबाइल तरी सुरू करावा.