बरणीवरील नांव

मनुष्याच्या मेंदूचें पातळ आवरण कवटींत मावतें तें घड्या पडूनच. त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग चरांच्या आंत दडलेला असतो. हे चर दोन माणसांत तंतोतंत जुळत नाहींत. त्यामुळें ज्याची बुद्धि थोर त्याच्या मेंदूवर चरांची दाटीही अधिक असली पाहिजे, असें एकोणिसाव्या शतकांत पुष्कळांस वाटे.

थोर गणिती कार्ल फ्रीड्रिख गाउस २३ फेब्रुवारी १८५५ रोजीं जर्मनींतील गटिंगेन येथें वारला, तेव्हां ही कल्पना पारखण्याची संधि तेथील रूडोल्फ वाग्नर यास मिळाली. आत्मा म्हणजे मेंदूचा व्यापार असें मानणाऱ्या जडवाद्यांशीं याच वाग्नरनें १८५४ मध्यें जाहीर वाद मांडला होता. त्याच्याच हातीं हा तराजू यावा हें नवलच! मेंदू भरला १४९२ ग्रॅम. अलौकिक म्हणावें असें हें वजन नव्हे. वळ्या विपुल होत्या खऱ्या, पण तेवढ्यावरून बुद्धीचें माप ठरेना. त्याच वर्षाअखेर वैद्यकाचा अध्यापक कॉनराड हाइन्रिख फुक्स वारला. त्याचाही मेंदू वाग्नरनें राखला, आणि दोहोंचीं चित्रें शिळाछापावर काढविलीं.

मेंदूच्या माथ्यावरून कडेला उतरणारा एक मध्यवर्ती चर असतो. इटालियन शारीरज्ञ रोलांडो याचें नांव त्यास १८३९ सालीं मिळालें. त्याच्या पुढील वळी अवयवांच्या हालचाली चालविते, मागील वळी स्पर्श जाणते. हा चर सहसा अखंड असतो. मध्येंच वळीचा पूल आडवा येऊन तो दुभंगला, असें शंभरांत एकाच्याही वांट्यास येत नाहीं.

गटिंगेनच्याच रेनाटे श्वाइत्सर या विदुषी अशाच दुभंगलेल्या चरांचा अभ्यास करीत होत्या. १९९८ मध्यें चुंबकीय यंत्रानें घेतलेल्या 'गाउसच्या' मेंदूच्या प्रतिमांत तो त्यांस स्पष्ट दिसला. त्यांनीं वाग्नरचीं चित्रें काढून पाहिलीं, तों गाउसच्या चित्रांत चर अखंड. दुभंगलेला होता तो फुक्सच्या! बरण्यांची अदलाबदल झाली होती, आणि तीही बहुधा वाग्नरच्या अभ्यासानंतर लवकरच. हा शोध २०१३ मध्यें जाहीर झाला. दीडशें वर्षें गणितज्ञाच्या नांवाखालीं एका वैद्याचा मेंदू जपला गेला, त्याच्या प्रतिमाही छापल्या गेल्या, पण कोणास शंका आली नाहीं. पुढें खऱ्या गाउसचा मेंदू त्याच यंत्रानें पाहिला. त्यांतही बुद्धीची खूण म्हणून बोट ठेवावें असें कांहीं आढळलें नाहीं.